आईची तिरपी वाक्यं

"ही पानं माझी नाहीत... पण एक विचारू?"

प्रिंटरपाशी उभ्या असलेल्या त्या चष्मेवाल्याच्या हातात माझ्या बाबांचं आत्मचरित्र होतं. म्हणजे त्याची नुकतीच बाहेर पडलेली, अजून कोमट असलेली पानं. झेरॉक्सच्या त्या दुकानात कॉम्प्युटर चार आणि प्रिंटर एकच, त्यामुळे कोणाचीही पानं कोणाच्याही हाती पडत. पण म्हणून काय वाचत उभं राहायचं?

"विचारा," मी शक्य तितक्या तुसडेपणाने म्हणाले.

"इथे बोलणारं माणूस मध्येच बदलतं का? पहिली चार वाक्यं पूल बांधणाऱ्या माणसाची वाटतात. पाचव्यापासून त्याला कोणीतरी बाई झापतेय... छान झापतेय हं!"

मी पानं जवळजवळ हिसकावली आणि पाहिली. आईची वाक्यं सरळ झाली होती!

बाबांनी आयुष्यभर दूरदूरच्या नद्यांवर पूल बांधले आणि आईने घरून त्यांना पत्रं लिहिली. ती गेल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, त्या अशा, की त्यांचं सांगणं आणि तिच्या पत्रांतलं बोलणं एकाच परिच्छेदात. अवतरणचिन्हं नकोत म्हणाले, "संसारात कुठे होती?" अट एकच – तिचं बोलणं वेगळं दिसायला हवं. म्हणून टाइप करताना मी आईचं एकेक वाक्य माउसने निवडून तिरपं केलं होतं. चार महिने खपून! आणि काल, सगळं कसं एकसारखं दिसावं म्हणून, अख्खी फाईल निवडून एक स्टाईल, म्हणजे अक्षरांचा ठरावीक साचा, लावली, सेव्ह केली आणि स्वतःवरच खूश झाले. जुनी प्रत ठेवायची अक्कल मला असती तर काय हवं होतं! बाबांची पंच्याहत्तरी वीस दिवसांवर आली होती. त्या दिवशी पुस्तक त्यांच्या हातात पडायचं होतं. हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"पॅराग्राफ स्टाईल लावलीत ना?" त्याने हळूच विचारलं. "परिच्छेदात थोडीच अक्षरं तिरपी असली तर ती त्यांना हात लावत नाही. पण अर्ध्याहून जास्त तिरपी दिसली, की ती सगळीच सरळ करून टाकते."

मी भराभर पानं चाळली. खरंच होतं. जिथे आई एखादंच वाक्य बोलली होती, तिथे ती शिल्लक होती. जिथे पानभर बोलली होती, तिथून ती गेली होती. मला तिथेच, त्या दुकानात, रडू फुटलं.

रडू नका, असं काही तो म्हणाला नाही. छपाईसाठी पुस्तकांची पानं लावणं हे त्याचं रोजचं काम. त्याने स्वतःचं एक बिघडलेलं पान पुढे केलं. "पुसा. शाई वाळलीये."

रडता रडता मला हसू आलं... आणि ते त्याने पाहिलं.

"मूळ पत्रं आहेत?"

"पत्र्याच्या डब्यात. एकशे बेचाळीस."

"मग झालं तर! तुम्ही वाचा, मी खुणा करतो."

"तुम्ही कशाला?"

"मला त्या बाईंचं पुढचं झापणं ऐकायचंय."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागला. आतल्या खोलीत बाबा आडवे झालेले, दार उघडं. मी पत्र वाचायचे, तो फाईलमध्ये ती वाक्यं शोधायचा. पहिल्याच दिवशी त्याने एक स्टाईल तयार केली आणि तिला नाव दिलं 'आई'.

"हाताने तिरपं करत बसायचं नाही आता. ही कॅरॅक्टर स्टाईल, फक्त निवडलेल्या अक्षरांपुरती. आधी परिच्छेदाला मजकुराची स्टाईल लावायची, मग आईंच्या वाक्यांवर ही."

"आणि मी उलटं केलं तर?"

"तर मला पुन्हा यावं लागेल."

"मग उलटंच –" मी जीभ चावली. तो स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसला, पण कान लाल झाले होते.

"तुमचा चहा रोज गार होतो," मी घाईघाईने विषय बदलला.

"असू दे. मला चालतो."

आठव्या दिवशी बाबा बाहेर आले. आमच्या मागे उभे राहून म्हणाले, "तिचं बोलणं जरा मोठ्या अक्षरात नाही का येणार? माझे डोळे आता..."

म्हणजे पुन्हा एकेक करून शेकडो वाक्यं! पण त्याने 'आई' स्टाईल उघडली, एक आकडा बदलला, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आई एकदमच मोठी झाली. बाबांनी स्क्रीनवरच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"आता ऐकू येतेय," ते म्हणाले.

मी त्या माणसाच्या प्रेमात पडले ती तेव्हा. साफ पडले. आणि तो? तो रोज येत होता, खुणा करत होता, चहा गार करून जात होता. तोंडातून एक अक्षर नाही. डबा रिकामा होत चालला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. पत्रं संपली की त्याच्या येण्याला काय कारण उरणार होतं?

बाराव्या दुपारी तळाशी एकच पत्र राहिलं. ते सगळ्यांत जुनं निघालं, लग्नाच्याही आधीचं. मी वाचू लागले.

"'तीन महिने तुम्ही पुलाचे नकाशे घेऊन माझ्या वडिलांकडे येता, आणि चहा गार करून निघून जाता. काय ते बोलून टाका. नाही म्हणणार नाही मी.'"

त्याची बोटं थांबली.

"परत वाचा ना."

मी वाचलं.

"अजून एकदा..."

"ऐकू आलं नाही का?"

"आलं." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण धीर येत नाहीये."

त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती. मी पत्राची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"नाही म्हणणार नाही मी," मी त्याच्याकडे बघत म्हणाले.

तो हसला, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मग... उद्याही येऊ?"

"रोज ये," मी म्हणाले. 'तुम्ही' कुठे गेलं, कळलंच नाही.

आतून बाबांचं खाकरणं ऐकू आलं. "अरे, ते वाक्य तिचं आहे! आधी खूण कर, सुटायला नको."

त्याने एका हाताने चष्मा चढवला, दुसरा काही त्याने सोडवून घेतला नाही. वाक्य निवडलं, 'आई'वर क्लिक केलं, आणि ते तिरपं झालं.

"आणि त्याला चहा गरम करून दे गं," बाबा म्हणाले. "मीसुद्धा हे पत्र मिळालं त्या दिवशीच पहिल्यांदा गरम प्यायलो होतो."