बाटलीवरच्या दोन रेघा

"इंच्या, टेप नीट धर! आणि फळी हलवू नकोस!"

"मी कुठे हलवतोय? टेबलच लंगडं आहे!"

"घ्या! सुताराच्या घरी लंगडं टेबल!"

मामाच्या सुतारखान्यात सकाळपासून ठोकाठोक चालली होती. चार रिकामी पिंपं, दोराचं एक भेंडोळं आणि जुन्या फळ्यांचा ढीग, एवढ्या भांडवलावर तराफा उभा करायचा होता, आणि तोही चारच्या आत. चार वाजता तलावावर पोरांची तराफ्यांची शर्यत होती. गेल्या वर्षी यांचा तराफा भर तलावात सुटला आणि काठाला लागला तो दोन तुकड्यांत! यंदा नाक वर करूनच घरी परतायचं, असा पण करून वकील सुट्टीला मामाकडे आली होती.

वकील बारा वर्षांची. शब्दाला शब्द लावून भांडते म्हणून आजोळी तिचं हे नाव पडलं. इंचपट्टी हा तिचा मामेभाऊ, अकरा वर्षांचा. त्याच्या खिशात कायम टेप आणि दिसेल ते मापायची खोड. एकदा झोपलेल्या मांजराची शेपटी मापायला गेला आणि हातभर ओरखडे घेऊन आला! तिसरी रेडिओ, वकीलची पाच वर्षांची बहीण. डोळे उघडले की तिची बडबड सुरू, ती डोळे मिटेपर्यंत. दर दहा मिनिटांनी घरातलं कुणीतरी ओरडायचंच, "अरे, बंद करा तो रेडिओ!" म्हणूनच शर्यतीची कप्तान ती होती. तिने काठावरून आकडे म्हटले तरी वल्ह्यांचा ताल चुकला नसता.

"हे बघ गं," इंचपट्टी म्हणाला. "तीन फळ्या, तिन्ही बरोब्बर साडेतीन फूट. पण तिन्हींवर ही अशी खूण. तीनचा आकडा आणि पुढे दोन उभ्या रेघा."

फळीच्या टोकाला जुन्या, पुसट अक्षरात लिहिलं होतं, '३॥'.

"ती आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींची खूण," रंधा मारता मारता मामा म्हणाला. "तीन फुटांच्या दोन फळ्या, असं काहीतरी असेल. त्यांची गिचमिड मला कधी कळलीच नाही."

"पण बाबा, फळ्या तीन आहेत आणि तीन फूट एकही नाही!"

"असेल काहीतरी! तू काम कर. कोपऱ्याला गुण्या लावलास का? माझ्या सुतारखान्यात अंदाजपंचे दाहोदर्से चालणार नाही हं! मिलिमीटर म्हणजे मिलिमीटर!"

काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्या म्हणजे मामाचं दैवतच होतं. अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसली की तो जेवण सोडून उठायचा.

"रेडिओ, चल, आकडे म्हणून दाखव!" वकीलने हाक मारली.

रेडिओ भुश्शाच्या पोत्यांवर पसरली होती, गाढ झोपलेली. सकाळचे साडेदहा वाजले होते!

"काय झालंय हिला?" वकीलच्या कपाळाला आठी पडली. "काल पण दिवसभर लोळत होती. सकाळी दुधाचा पेला तोंडाला लावून पेंगली. इंच्या, कालपासून कुणी एकदा तरी 'रेडिओ बंद करा' म्हणालंय?"

इंचपट्टी विचारात पडला. "नाही. एकदाही नाही!"

"खेळून दमली असेल," मामा म्हणाला. "घरात शांतता आहे ना? मग राहा सुखाने!"

"मामा, ती खेळलेलीच नाही! न खेळता दमली कशी?"

मामा आणखी जोरजोरात रंधा मारू लागला. वकील पोत्यांपाशी जाऊन बसली. "अगं, उठ ना!" रेडिओने अर्धे डोळे उघडले, 'ऊं' केलं आणि मान टाकली. तिची बहीण कधी एका अक्षरात बोलत नसे.

"इंच्या, इथे पाणी मुरतंय," ती हळूच म्हणाली. "परवापर्यंत ही ठणठणीत होती. परवापासून नवीन काय झालं?"

"अंगावर पित्त उठलं! लाल लाल गांध्या आल्या होत्या. माझी आई तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, औषध आणलं आणि संध्याकाळच्या गाडीने माहेरी गेली. जाताना बाबांना म्हणाली, बाटलीवर लिहिलंय तेवढंच द्या."

"औषध! चल, बाटली बघू!"

बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात होती. शेजारी एक साधा चमचा पडला होता, चिकट आणि गोडूस वासाचा. वकील छापील कागदावरची बारीक अक्षरं वाचू लागली. "पित्त व खाज यांसाठी. या औषधाने गुंगी येऊ शकते. सोबतच्या मापानेच द्यावे." तिने मान वर केली. "कसलं माप? कुठंय ते?"

"पांढरं, झाकणावर बसतं ते? थांब! ते मी पाहिलंय!" इंचपट्टी धावत सुतारखान्यात गेला आणि तोंड वाकडं करून परतला. त्याच्या हातात रेघारेघांचं इवलंसं प्लॅस्टिकचं भांडं होतं. आत लाकूड चिकटवायचा सरस, वाळलेला! "बाबांनी यात सरस कालवलाय!"

"आणि औषध चमच्याने!" वकील म्हणाली. "आता बाटली माप."

इंचपट्टीचे डोळे चमकले. असं कुणी आपणहून सांगितलं की त्याला कोण आनंद व्हायचा! "भरलेली असताना नऊ सेंटिमीटर. इथे आतून डाग राहिलाय, बघ. आता उरलंय तीन. बाटलीवर साठ मिली छापलंय, म्हणजे साठातले चाळीस गेले!"

"चाळीस? दीड दिवसात?"

वकीलने बाटली फिरवली. मागच्या बाजूला औषधवाल्या आजोबांनी चिकटवलेली चिठ्ठी होती. तिच्यावर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलं होतं, '२॥ - रोज रात्री'. 'रोज रात्री'वर मात्र चमच्यातून ओघळलेलं औषध सुकून तपकिरी झालं होतं आणि शब्द जेमतेम दिसत होते.

"दोन उभ्या रेघा!" इंचपट्टी ओरडला.

"शू! हळू! फळीवर तीन आणि दोन रेघा, आणि फळी होती साडेतीन. तिन्हीच्या तिन्ही! मग दोन आणि दोन रेघा म्हणजे?"

"अडीच!"

"आणि मामाने काय वाचलं असेल?"

तेवढ्यात मामाच दारात उभा राहिला. "काय वाचायचंय त्यात? दोन चमचे, दोन वेळा! सकाळी दोन, रात्री दोन. चार वेळा देऊन झालं. आण ती बाटली. तिच्या हातावर परत दोन गांध्या दिसतायत. आत्ता एक जादा डोस देतो, म्हणजे चारपर्यंत टुणटुणीत!"

वकीलने बाटली पाठीमागे नेली. "मामा, आठ चमचे झालेत! ते अडीच मिली आहे, चमचे नाहीत! फळीवर पण—"

"अगं फळीचं औषधाशी काय नातं? औषधच आहे, विष नव्हे! चार थेंब इकडे तिकडे झाले तर काय आभाळ कोसळतंय? शर्यत आहे ना तुमची? मग मोठ्यांना शिकवू नका!"

मामा वाईट नव्हता. तो स्वतः आजारी पडला तरी बाटलीला तोंड लावून औषध प्यायचा आणि मोठ्या अभिमानाने सांगायचा. पण त्याच्या या अभिमानाशी भांडत बसायला आता वेळ नव्हता. तोंडाने भांडून वकील शंभर वेळा जिंकली असती. आज मात्र तिने पहिल्यांदा तोंड मिटलं आणि इंचपट्टीला डोळ्यांनी खूण केली.

इंचपट्टीला खूण पोचली. "बाबा," तो निरागस चेहऱ्याने म्हणाला, "तराफ्याचा कोपरा वाकडा झालाय. गुण्यात पूर्ण दोन मिलिमीटर फट दिसतेय."

"दोन मिलिमीटर!" मामा जागीच गर्रकन वळला. "सकाळपासून सांगतोय! दाखव!"

"रेडिओजवळच बस," वकील इंचपट्टीच्या कानात पुटपुटली. "तिला कुशीवर ठेव, तिचा श्वास बघत राहा आणि तोंडात काही म्हणजे काही घालू देऊ नकोस. आले मी!" आणि बाटली छातीशी धरून ती सुसाट सुटली.

औषधांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. शर्यत, पण, वर केलेलं नाक, यातलं काही तिच्या डोक्यात उरलं नव्हतं. तिला फक्त तो 'ऊं' ऐकू येत होता. चपलेचा अंगठा तुटला तशी चप्पल तिथेच सोडून ती तशीच पळाली.

"आजोबा! हे किती लिहिलंय?" तिने बाटली काउंटरवर आदळली.

औषधवाल्या आजोबांनी चष्मा खाली ओढला. "अडीच! स्पष्ट लिहिलंय की! चाळीस वर्षं असंच लिहितोय मी. दोनपुढे दोन रेघा म्हणजे अडीच, तीनपुढे दोन रेघा म्हणजे साडेतीन."

"आम्हाला शाळेत दोन, टिंब, पाच शिकवतात! मामाने वाचलं दोन चमचे, दोन वेळा. आठ चमचे पोटात गेलेत! पाच वर्षांची आहे ती. नुसती झोपतेय, आजोबा!"

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तडक फोन उचलला. "डॉक्टरबाई, पित्ताचं औषध... हो, चाळीस मिली, दीड दिवसात. वय पाच. शेवटचं कधी दिलं, पोरी?"

"आज सकाळी आठला. हाक मारली तर नुसती हलते."

"आठला... हो, हाक मारली की हलते... बरं, लगेच!" त्यांनी फोन ठेवला. "लगेच घेऊन या म्हणाल्यात. ओकारी काढायच्या भानगडीत पडायचं नाही, घरचा काही उपाय नाही. बाटली बरोबर ठेव. चल, मी पण येतो!"

सुतारखान्यात मामा गुडघ्यांवर बसून न दिसणारी फट शोधत होता. इंचपट्टी रेडिओचा हात हातात धरून तिचे श्वास मोजत होता. धापा टाकत आलेले आजोबा बघून मामा उठला.

"माझी चूक झाली," आजोबा म्हणाले. "मी जुन्या पद्धतीने लिहिलं. पण तू एकदा विचारायचं तरी होतंस! फोन करायला काय झालं होतं?"

मामाने बाटलीवरची चिठ्ठी पाहिली, मग फळीवरची खूण. हातातला गुण्या खाली पडला. त्याने रेडिओला उचललं आणि अनवाणीच धावत सुटला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रेडिओची नाडी बघितली, छातीला नळी लावली, डोळ्यांत प्रकाश टाकला, गालावर टिचक्या मारून हाका मारल्या. मग त्या वळल्या. "श्वास ठीक आहे. पण मी तिला संध्याकाळपर्यंत इथेच ठेवणार. गुंगी आणणारं औषध आहे हे. अजून एक डोस गेला असता तर मला एवढ्या शांतपणे बोलता आलं नसतं."

मामाने भिंतीला पाठ टेकली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. दूर तलावाकडून शिट्टी ऐकू आली, मग पोरांचा गलका. इंचपट्टीने वकीलकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि रेडिओचा हात आणखी घट्ट धरला. भीती खूप वाटत होती, पण ती इथून तसूभरही हलणार नव्हती.

साडेपाच वाजता तो हात हलला.

"ताई," एक बारीक आवाज आला. "शर्यत कोण जिंकलं? मी आकडे नाही म्हटले? आणि हे कुणाचं घर आहे? आणि मामा का रडतोय? आणि मला भूक लागलीय, आणि इंच्याच्या नाकाला सरस लागलाय..."

"लागलं! स्टेशन लागलं!" इंचपट्टी ओरडला आणि डॉक्टरबाईसुद्धा हसू लागल्या.

"बाटली मापणारा कोण आणि खूण ओळखणारी कोण?" त्यांनी विचारलं. "दोघांनी आज मोठ्या माणसांचं काम केलंत. शाब्बास!"

"उद्यापासून मी अक्षरात लिहीन," औषधवाले आजोबा म्हणाले. "अडीच मिली, झाकणावरच्या मापाने. आणि घेणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेईन. या पोरीने माझे चाळीस वर्षांचे कान उपटले!"

मामा वकीलसमोर उकिडवा बसला. "लाकूड मी मिलिमीटरने मापतो," तो म्हणाला, "आणि लेकराचं औषध अंदाजाने ओतलं. तू भांडत होतीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं. चुकलो गं, वकीलबाई."

वकीलला काहीतरी खमंग उत्तर द्यायचं होतं. पण तिने नुसतं मामाच्या गळ्यात हात टाकले.

दुसऱ्या दिवशी मामाने तराफ्याच्या एका फळीचं फडताळ बनवलं. रेडिओचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर ते ठोकलं. त्यात मापाच्या भांड्यासाठी खाच होती आणि बाजूला दोरीने बांधलेली वही होती, औषध कुणी, कधी, किती दिलं ते लिहायला. वरची '३॥' ही खूण मात्र त्याने रंध्याने काढली नाही.

खाली उभी राहून रेडिओ एकसारखी बोलत होती. फडताळ वाकडं का आहे, वही निळी का नाही, पुढच्या वर्षी तराफा केवढा करायचा... मामी दुपारच्या गाडीने आली, तेव्हा घरभर तोच आवाज घुमत होता. बॅग ठेवता ठेवता ती सवयीने म्हणाली, "अरे, बंद करा तो—"

"नाही!" मामा, वकील आणि इंचपट्टी एका सुरात ओरडले.