जुन्या क्लॅरोनेटमधला वारा

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं, आणि घडलं तेव्हा मी त्याच खोलीत होते.

रविवारची दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद.

दादा बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. थंडीत त्याच्या वाद्याला लांबलचक चीर गेली. चिकटवून पाहिली, दोरा गुंडाळून पाहिला, सूर काही धरेना. बँडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी धड वाद्य घेऊन ये. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

वहिनीचे दिवस भरत आले होते. माझं शिक्षण चालू होतं. कमावणारा एकटा दादा.

शोधता शोधता एका म्हातारीकडे जुनं लाकडी क्लॅरोनेट मिळालं. तिच्या गेलेल्या नवऱ्याचं. काळंभोर, जड, चाव्या डागाळलेल्या. दादा पेटी उचलत होता, तेव्हा तिनं विचारलं,

"श्वास चांगला आहे ना तुझा?"

"पोट त्याच्यावरच आहे, आजी," दादा हसून म्हणाला.

ती हसली नाही.

शनिवारभर तो त्याच्यामागे लागला होता. चाव्यांखालच्या कुजलेल्या गाद्या काढून नव्या चिकटवल्या. सांध्यांवर नवं बूच बसवलं. तेल द्यायच्या आधी नळीतून कोरडं फडकं फिरवलं.

फडकं ओलं निघालं...

आत्ताच कोणीतरी तासभर वाजवून ठेवावं, तसं.

"दमट जागेत पडलं असेल," दादा म्हणाला. पण माझ्याकडे न बघता.

रविवारी जेवणं झाल्यावर तो वारा कुठून गळतो का ते बघायला बसला. वाद्य सुटं करून वरच्या तुकड्याची भोकं बोटांनी बंद केली, खालचं तोंड तळहातानं दाबलं आणि फुंकलं. गळत नव्हतं.

त्यानं तोंड काढलं.

आणि तसाच बसून राहिला.

"काय झालं रे?"

"हात आण इकडे..."

मी त्याच्या तळहाताच्या जागी माझा धरला. आतून फुंकर येत होती. गरम. थांबून थांबून.

"दादा, परत देऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"आणि उद्या काय घेऊन जाऊ?"

त्यानं तुकडे जोडले, फुंकायच्या टोकाला रीडची पातळ पट्टी बसवली आणि तो वाजवायला लागला.

सूर असा लागला, की वहिनी हात पुसत दारात आली. इतकं गोड दादानं कधीच वाजवलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं...

सूर तुटतच नव्हता.

दादा श्वास घेत नव्हता.

त्याचे ओठ निळसर पडले. डोळे आमच्यावर खिळलेले. त्याला थांबायचं होतं, आणि थांबता येत नव्हतं.

वहिनीनं ते त्याच्या तोंडातून हिसकून काढलं. सूर थांबला. पण दादाची छाती हलेना.

"अहो, घ्या ना श्वास... अहो, ऐका ना माझं..." वहिनी त्याला गदागदा हलवत होती. मी पाठीवर बुक्क्या मारत होते.

कितीतरी वेळानं त्याच्या घशातून घरघर आली. श्वास सुरू झाला.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी त्याच संध्याकाळी क्लॅरोनेट म्हातारीला परत देऊन आले. बँडमधली जागा गेली. बाळ आलं. दादा एका गोदामात कामाला लागला. सुटलो, असं आम्हाला वाटलं.

मग एका सकाळी, चहा पिताना, दादा बोलता बोलता गप्प झाला.

छाती थांबली. ओठ निळे. थोड्या वेळानं श्वास आपोआप सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा.

मी धावत म्हातारीकडे गेले.

"ते होय? दिलं मी," ती म्हणाली. "एक जण आला होता, घेऊन गेला."

"कोण? कुठला?"

"मी विचारलं नाही, बाई."

मी बँडवाल्यांकडे फिरले. वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांकडे फिरले. कोणालाच काही माहीत नाही.

आता दादाचा श्वास थांबला, की वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते. मी बाळाला घेऊन दुसरीकडे जाते. कुठेतरी कोणीतरी ते दादाच्या श्वासावर वाजवतंय, एवढंच आम्हाला वाटतं. त्यानं थांबायची वाट बघायची, दुसरं काय करणार?

जो कोणी आहे, त्याचा हात बसत चाललाय बहुतेक.

हल्ली तो जास्त जास्त वेळ वाजवतो.