रिकाम्या तलावातली साथ

पोहण्याचा तलाव बंद असला तरी त्याचा पंप बंद ठेवून चालत नाही. रोज दहा मिनिटं तरी तो फिरवावा लागतो, नाहीतर आतला दांडा गंजून बसतो आणि मग चार माणसं लावूनही हलत नाही. म्हणून त्या वर्षी तळाच्या फरशा उखडून तलाव तीन महिने बंद केला, कामगार नव्या फरशांची वाट बघत घरी बसले, तरी पंपकाकांना सुट्टी अशी मिळालीच नाही. रोज दुपारी दोनला ते मागच्या दाराचं कुलूप काढत, तळघरात उतरत, पंप चालू करून घड्याळाकडे बघत उभे राहत, वहीत सही करत आणि घरी जात.

पंपकाका हे पोहायला येणाऱ्या पोरांनी पाडलेलं नाव. सत्तावीस वर्षं तेच चालत आलं, आणि आता खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागे वळून पाहिलं नसतं. तसं हाक मारणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको; ती दोन वर्षांपूर्वी गेली. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी दुपारी एकला तिचा फोन येई. बाकी सहा दिवस घरात टीव्ही बोले. काका तो बातम्यांसाठी लावत नसत. घरात कुणीतरी बोलतंय एवढंच त्यांना पुरे होतं.

एक दिवस माळ्यावरून जुनं पांघरूण काढताना त्यांच्या हाताला गिटार लागली. तेहतीस वर्षांची धूळ खाऊन बसली होती.

तिची गोष्ट अशी. लग्नाच्या आधी एका कारखान्याच्या वार्षिक मेळाव्यात वाद्यवृंदाने रॉकबिलीचा एक तुकडा वाजवला होता. रॉकबिली म्हणजे जुन्या रॉक अँड रोलची उनाड जात. गिटार घोड्यासारखी दौडते आणि ऐकणाऱ्याचे पाय त्याला न विचारता हलायला लागतात. सगळे नाचत होते. काका भिंतीला चिकटून उभे. ती येऊन म्हणाली, "नाचायचं नाही का?" काका म्हणाले, "नाचता येत नाही. पण एक दिवस हे वाजवून दाखवीन तुला." त्या बोलाखातर त्यांनी गिटार घेतली, वृंदातल्या एकाकडून तो तुकडा कॅसेटवर भरून आणला आणि पंधरा दिवसांत हात टेकले. पुढची तीस वर्षं पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की ती तोंडाला पदर लावून म्हणायची, "वाजवणारेत म्हणे हे." आणि काका हसायचे.

काकांनी नव्या तारा चढवल्या. टिकटिक करणारं एक यंत्र आणलं, मिनिटाला किती ठोके हवेत ते त्यावर लावता येई. मूळ तुकडा होता दोनशे दहा ठोक्यांचा. काकांनी साठापासून सुरुवात केली. अंगठा जाड तारेवर ठाय ठाय चालायचा आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर धावपळ करायची. डोक्यावर एका हाताने थापटत दुसऱ्या हाताने पोट चोळावं तसला प्रकार.

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या एक परिचारिका वर आल्या. रात्रपाळी करून त्या दिवसा झोपत. "काका, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही नेहमी त्याच जागी अडखळता. आता मला स्वप्नातही तिथेच ठेच लागते."

काका ओशाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी गिटार खांद्याला अडकवून ते तलावावर गेले.

पंप फिरवून झाल्यावर ते वर आले आणि उथळ बाजूच्या काठावर रिकाम्या हौदात पाय सोडून बसले. काचेच्या छपरातून राखाडी उजेड खाली येत होता. पाणी नसलेला तलाव असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. तळाच्या उघड्या सिमेंटचा उतार हळूहळू खोल होत समोरच्या भिंतीपाशी अंधारात उतरत होता. क्लोरीनचा जुना वास अजून हवेत होता. काकांनी पहिला स्वर छेडला.

टक्... टक्.

समोरच्या भिंतीवर आपटून तो परत आला होता. एकदाच, स्वच्छ. कॅसेटवर हुबेहूब असाच आवाज होता, प्रत्येक स्वराच्या पाठोपाठ त्याची सावली. काका एवढे खूश झाले की त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणाला तरी सांगायला. मागे कपडे बदलायच्या खोल्यांची बंद दारं होती.

त्या दिवसापासून ते दोनऐवजी बाराला जाऊ लागले. साठ, ऐंशी, शंभर. बोटांची कातडी सोलली, मग राठ झाली. अडखळायची जागा तेवढी सुटेना. तिथे करंगळी उडी मारून तिसऱ्या तारेवर यायला हवी होती, आणि ती दर वेळी उशिरा यायची. त्या जागी एक स्वर गाळलेला राहायचा, पडलेल्या दातासारखा.

एकशे वीसवर असताना त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा स्वर गळला होता. भिंतीवरून परत आलेल्या तुकड्यात तो गळलेला नव्हता.

काका थांबले. पुन्हा वाजवलं, कान देऊन. करंगळी उशिरा आली. ...आणि पलीकडे तो स्वर नेमका, ठसठशीत, जागच्या जागी वाजला.

माणूस अशा वेळी उठून चालू लागतो. काकाही उठले. पण दारापर्यंत जाऊन, कडीवर हात ठेवून ते उभे राहिले. बाहेर रस्ता होता, रस्त्याच्या शेवटी घर होतं आणि घरात टीव्ही होता. ते परत येऊन काठावर बसले.

"पुन्हा एकदा," ते हौदाकडे बघून हळूच म्हणाले, आणि वाजवू लागले.

मग रोजचंच झालं. थर्मासमधून चहा नेत, दोन घोट पिऊन म्हणत, "चला, सुरू करू या." चुकले की म्हणत, "माझंच चुकलं, तुझं बरोबर होतं." कुणाशी बोलतोय हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तिला गिटार वाजवता येत नव्हती, साधी धरताही येत नव्हती, हा विचार मनात आला की ते त्याला बाजूला सारत. जिथे ती गेली तिथे शिकली असेल. तिथे वेळ काय कमी आहे?

रविवारी लेकीचा फोन वाजायचा तेव्हा ते तलावावर असत. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसराही गेला, तेव्हा सोमवारी तिने कसंबसं गाठलं. "बाबा, कुठे असता तुम्ही? जीव टांगणीला लागलाय माझा."

"सराव करतोय," काका म्हणाले. "तुझ्या आईला वाजवून दाखवायचंय."

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "मी येते शुक्रवारी. तोवर घरीच थांबाल?"

काका हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बाराला गेले.

त्याच दिवशी पोहणं शिकवणाऱ्या बाई कपाटातली आपली शिट्टी न्यायला आल्या. साठीच्या, ठणठणीत आवाजाच्या. पन्नास पोरांचा गोंगाट एका हाकेत बंद करणाऱ्या. काकांचा हात थांबला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"पंपकाका! तुम्ही असले छुपे रुस्तम असाल असं वाटलं नव्हतं हो," त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी हौदात डोकावून पाहिलं. "दुसरे कुठे गेले?"

"दुसरे कोण?"

"अहो, बाहेर कट्ट्यावर बसून दहा मिनिटं ऐकत होते मी. दोघं वाजवत होतात ना? तुम्ही जरा चाचपडत होतात, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्याचा हात फार तयार आहे."

"आवाज घुमतो इथे..." काका म्हणाले.

"वीस वर्षं शिट्टी मारतेय मी इथे. घुमणं कसं असतं ते मला कळतं," बाई म्हणाल्या. त्यांचं हसू मावळलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा खाली पाहिलं आणि आवाज उतरवला. "ते पलीकडच्या भिंतीकडून नव्हतं येत, काका... हौदाच्या मधून येत होतं."

शिट्टी न घेताच त्या गेल्या.

त्या दुपारी काकांनी पहिल्यांदा नीट ऐकलं. बाईंचं खरं होतं. पहिल्या दिवशी स्वर आणि त्याची सावली यांच्यात पापणी लवेल एवढं अंतर होतं. आता ते निम्मं राहिलं होतं. काका पंपावरचा माणूस; नळावर ठोकलं की अडथळा किती लांब आहे ते त्यांना आवाजावरून कळे. भिंत काही सरकत नव्हती. ज्यावरून आवाज परत येत होता, ते सरकत होतं. एकशे साठवर ते हौदाच्या मध्यावर होतं. एकशे ऐंशीवर उताराच्या सुरुवातीला... त्यांचा वेग वाढेल तसं ते एकेक पाऊल चढत येत होतं.

थांबायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण दोन वर्षांत त्यांच्या दिशेने चालत आलेलं असं दुसरं काहीही नव्हतं.

गुरुवारी कार्यालयातून निरोप आला की फरशा आल्या, उद्यापासून काम सुरू. म्हणजे ही शेवटची दुपार. आभाळ भरून आलं होतं, छपरातून उजेड असा नव्हताच. काकांनी यंत्रावर दोनशे दहा लावलं, डोळे मिटले आणि सुरू केलं.

बोटं धावली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. सावली आता इतकी जवळ होती की तिची कड त्यांच्या स्वराला घासत होती. अडखळायची जागा आली... करंगळी उडाली, आणि नेमकी पडली. त्या क्षणी मागून येणारा आवाज नाहीसा झाला. उरला तो एकच आवाज, दुप्पट जाड. काका शेवटपर्यंत वाजवत गेले. चूक नाही, ठेच नाही.

शेवटचा स्वर संपवायला त्यांनी तारांवर तळवा टेकवला. आवाज थांबला. तारा थांबल्या नाहीत. तळव्याखाली त्या थरथरत राहिल्या, कुणीतरी अजून वाजवत असल्यासारख्या.

काकांनी डोळे उघडले नाहीत. उजव्या अंगाला, अगदी खांद्यापाशी गारवा होता.

"तू आहेस ना?" त्यांनी विचारलं.

त्या जागेत खोकला तरी परत यायचा. चावी पडली तरी तिची खणखण परत यायची. काकांचा प्रश्न परत आला नाही. तो त्यांच्या तोंडातून बाहेर पडला आणि तिथेच, हातभर अंतरावर, कुणीतरी गिळून टाकावा तसा संपला...

ते कसे उठले, कसे पळाले, त्यांना आठवत नाही. दार सताड उघडं राहिलं, पंप फिरवायचा राहिला, वहीत सही झाली नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी लेक आली. तिने आधी खिडक्या उघडल्या, मग भांडी घासली, मग बापाला समोर बसवून पोटभर जेवायला घातलं. संध्याकाळी पोहणं शिकवणाऱ्या बाई गिटार घेऊन आल्या. "काठावर राहिली होती," एवढंच म्हणून त्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या. काकांनी गिटार पिशवीत घालून भिंतीशी उभी केली आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी लेक म्हणाली, "बाबा, मला नाही का वाजवून दाखवणार? उद्या जायचंय मला."

तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. परिचारिकाही नेमक्या कामावर होत्या. काकांनी गादीवर बसून गिटार मांडीवर घेतली, कान टवकारून एक स्वर छेडला आणि वाट पाहिली. काही नाही. लहान खोली, पडदे, उशा. स्वर जिथल्या तिथे विरला. त्यांना हायसं वाटलं आणि थोडं ओकंबोकंही. मग त्यांनी तो तुकडा सबंध वाजवला, पूर्ण वेगात.

लेक आधी नुसती ऐकत राहिली. मग उठली आणि खोलीच्या मधोमध नाचू लागली, वेडीवाकडी, हसत, डोळ्यांतून पाणी गळत असताना. वाजवता वाजवता काकाही हसले. दोन वर्षांत त्या घरात दोन माणसं एकदम हसली नव्हती.

"आईने ऐकायला हवं होतं हो," ती धापा टाकत त्यांच्याजवळ येऊन बसली. काकांनी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि पलीकडे टेकवून ठेवली.

"ठरलं मग," ती म्हणाली. "माझ्याकडेच यायचं राहायला. गिटार घेऊन. नाही म्हणायचं नाही."

"येतो," काका म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "बघू किती घट्टे पडलेत ते. बाई गं... केवढं कापलंय बाबा."

"तारा दाबून दाबून व्हायचंच ते," काकांनी डावा हात पुढे केला. त्याच्या बोटांवर जुने, पिवळट घट्टे होते.

"हा नाही. हा."

तिने त्यांचा उजवा हात दिव्याखाली धरला. या हाताने ते तारा छेडत. तार दाबायचं काम त्याला आयुष्यात कधी पडलं नव्हतं. त्याच्या चारही बोटांच्या टोकांवर एकेक बारीक, सरळ रेघ होती. ताजी.

"हे कधी झालं?" लेकीने विचारलं.

त्या रेघा आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत हळूहळू बोटांत रुतत गेल्या... जणू त्या बोटांनी दुसरं कुणीतरी तार आत्ताच, या क्षणी, दाबून धरत होतं.