लाल स्वेटरची पिशवी

टिली या कांगारूच्या पिल्लाला कळपात सोडून यायचं, एवढ्यासाठीच क्लिफर्ड आणि त्याची मेहुणी एनिड डोंगरापलीकडच्या पाणवठ्याकडे निघाले होते. बायको वारण्यापूर्वी क्लिफर्डने तिला तसा शब्द दिला होता. पाणवठा आटत आला होता. तो आटला की कांगारूंचा कळप उत्तरेला निघून जाणार, आणि टिली जन्मभर कुंपणात राहणार.

कोरड्या नदीच्या वाळूत ट्रक रुतला. चाकांखाली फांद्या घातल्या, फावडं मारलं. ट्रक आणखीच खाली गेला. शेवटी पाण्याचा डबा आणि टिलीची पिशवी घेऊन ते पायीच निघाले. पिशवी बायकोच्या लाल स्वेटरची, तिनेच शिवलेली. टिली आता तीत मावत नव्हती, पण पिशवीच्या वासामागे उड्या मारत येत होती.

"रानकुत्रे मागे लागले तेव्हा हिच्या आईने पोटाची पिशवी सैल सोडली," एनिड म्हणाली. "हिला खाली पाडून स्वतः पळाली. ताईने हिला वाढवलं, पण त्या आईचा तिला कधी राग आला नाही."

"म्हणायची, आई जगली तर दुसरं होईल. पोटात एक थांबलेलं असतं, पिशवी रिकामी व्हायची वाट बघत. घेवड्याच्या दाण्याएवढं जन्मतं आणि आईच्या केसांना धरून एकटंच वर चढतं." क्लिफर्डने डबा दुसऱ्या हातात घेतला. त्याला नि बायकोला मूल नव्हतं.

"बोलता येतं की, दाजी! मला वाटलं ट्रकबरोबर जीभही रुतली."

पाणवठा दिसला तेव्हा उन्हं कलली होती. तेवढ्यात झुडपाआडून एक म्हातारा नर कांगारू उठला! माणसाहून उंच! शेपटीवर भार देऊन त्याने मागचे पाय सैल केले. एक लाथ, की पोट फाटलंच!

"खाली बसा! खोकत राहा!" एनिड ओरडली.

क्लिफर्ड खाली बसला. मान खाली घातली. आजोबांनी शिकवलं होतं तसा, हार मानल्याची खूण म्हणून, खोल आवाजात खोकला. एकदा. पुन्हा. नर बघत राहिला. मग छाती खाजवत तो बाजूला झाला.

टिली कळपाकडे गेली. थबकली. मागे पावलं टाकणं तिच्या जातीला जमत नाही. अख्खी वळून ती परत आली आणि तिने पिशवीत तोंड खुपसलं. तीनदा हाकलली, तीनदा आली. पलीकडच्या कड्यावर रानकुत्रे ओरडू लागले.

"पिशवी परत नेली तर ती मागे येणार," एनिड म्हणाली. "वाटेत कुत्रे आहेत."

"पुरून टाकू."

"उकरेल." ती जवळ आली. "दाजी, ताई गेल्यावर रीतीप्रमाणे तिच्या सगळ्या वस्तू जाळल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, ही पिल्लाची आहे. मी काही बोलले नाही."

"पिल्लाचीच होती."

"हो. आता पिल्लू मोठं झालं."

क्लिफर्डने पिशवीत तोंड घातलं. दुधाच्या पावडरीचा वास, चुलीचा धूर, आणि खाली कुठेतरी बायकोच्या केसांचा. मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि काडी ओढून तिला लावली.

लोकर हळू जळते. काळा धूर उठला. कळप उधळला! टिली दचकली, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती कळपामागे झेपावली! लाल धुळीत तिची पाठ इतरांच्या पाठींत मिसळली. कोणती तिची, ते कळेना.

"चला दाजी, ट्रक काढायचाय."

क्लिफर्ड चालू लागला. त्याचा हात अजून पिशवी धरल्यासारखा पोटाशीच होता. एनिडने त्या हातात पाण्याचा डबा दिला.