घाटात दमलेली गाडी

उभ्या गाडीचं इंजिन झकास चालत होतं. मग चढ लागला की त्याला धाप का लागत होती?

हे कोडं पडलं तेव्हा शाल्मली, तिची आई आणि चिमटा नावाचा यंत्रमानव घाटात अडकले होते. आई गुरांची डॉक्टर. वर कोंभळवाडीत सगुणाबाईंची गाय अडली होती. वासरू पोटात आडवं आलं होतं. वादळामुळे विजेच्या गाड्यांचं चार्जिंग केंद्र बंद पडलेलं, म्हणून आईने पणजोबांच्या काळातली पेट्रोलची गाडी बाहेर काढली होती.

"सगुणाबाई फोनवर रडतायत," आई म्हणाली. "चालत गेले तर उशीर होईल गं."

"इंजिनला पुरेसं पेट्रोल मिळतंय का, ते बघू," चिमटा म्हणाला. "टाकीतला पंप पेट्रोल नळीतून पुढे ढकलतो. त्या ढकलण्याच्या जोराला इंधनदाब म्हणतात. डॉक्टरताई, इंजिन बंद करा. शाल्मली, तू लांब उभी राहा. पेट्रोल उडालं तर भडका होऊ शकतो."

आधी त्याने नळीतला दाब हळूच उतरवला. मग गाळणीच्या (पेट्रोलमधला कचरा अडवणाऱ्या डबीच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला दाबमापक जोडला.

आईने इंजिन सुरू केलं. काटा तीनवर गेला.

"तीन बार (दाब मोजायचं एकक). अगदी हवा तेवढा," चिमटा म्हणाला.

"म्हणजे सगळं ठीक आहे?" शाल्मलीचा चेहरा पडला.

"बसलेल्या माणसाला कुठे दम लागतो? आता पळवून बघू."

आईने ॲक्सिलरेटर दाबला. काटा सरसर खाली, दीडवर आला. इंजिन बंद करून चिमट्याने मापक गाळणीच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला लावला. या वेळी ॲक्सिलरेटर दाबूनही काटा तीनवरून हलला नाही.

शाल्मली दोन्ही जागा पुन्हा पुन्हा बघत राहिली. "गाळणीच्या आधी जोर आहे, नंतर नाही. म्हणजे पंप चांगला आहे, गाळणी तुंबलीय!"

"बरोबर. पण नवी गाळणी इथे नाही," चिमटा हळू आवाजात म्हणाला.

आईने कपाळाला हात लावला. फोन पुन्हा वाजत होता.

"आई, चहाच्या गाळणीत चोथा साचला की तू काय करतेस? भसकन ओतलास तर चहा वर तुंबतो. हळू ओतलास तर गळतो."

आईने वळून पाहिलं.

"म्हणून उभ्या गाडीत दाब पुरतो!" शाल्मली म्हणाली. "तेव्हा पेट्रोल थोडंच लागतं. आपण अगदी हळू गेलो तर?"

"पुरायला हवं," चिमटा म्हणाला. त्याने मापक काढला, नळी घट्ट बसवली, कुठे गळत नाही ना ते पाहिलं.

पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. वळणावर एकदा गचकली. आईने पाय सैल केला आणि ती पुन्हा सावरली.

गोठ्यात आईने बाह्या वर सारल्या. वासरू वळवायला बराच वेळ लागला. अखेर ते चिखलागवतात घसरत उभं राहिलं, तेव्हा सगुणाबाईंनी शाल्मलीला मिठीच मारली.

शाल्मलीने वासराच्या छातीवर हात ठेवला. आत धडधडत होतं.

"आई, हाही पंपच ना? याचा दाब कसा मोजतात?"

"ये," आईने पिशवी उघडली, "आपण दोघी मोजू."