शेरूच्या कपाळावरचा डाग

दत्तोपंत ड्रॉइंगमास्तरांनी आयुष्यात सेहेचाळीस कुत्री काढली होती आणि त्यांतल्या एकालाही हात लावला नव्हता. त्यांना कुत्र्यांची भीती वाटे. सेलू-पाथरीकडचे जमीनदार आपल्या लाडक्या कुत्र्याचा फोटो पाठवत आणि मास्तर माडीवर बसून पेन्सिलीने त्याचा एकेक केस कागदावर उतरवत. काढता काढता त्यांची तंद्री लागे. हे कुत्रं कुठल्या झाडाखाली झोपत असेल, कुणाची वाट पाहत असेल, असल्या विचारांत दुपार कशी सरली ते कळत नसे. चित्र हातावेगळं झालं की ते कुत्रंही मास्तरांच्या डोक्यातून निघून जाई.

हा विसराळूपणाच त्यांना नडला.

थंडीतली दुपार होती. जिनिंगमधून उडालेला कापूस तरंगत तरंगत व्यंकटरावांच्या ओसरीपर्यंत येत होता. व्यंकटराव म्हणजे निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर तीस वर्षं जकात वसूल करून घरी बसलेला माणूस. गाडीत काय लपवलंय ते बैलांच्या चालीवरून ओळखत. त्यामुळे पंचक्रोशीतली कोडी आपसूक त्यांच्या दारी येत. मास्तर त्यांच्याकडे चहा पीत बसले होते, तेवढ्यात एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली.

"मी मनकर्णा, देवगावाकडची," ती म्हणाली. "माजा मालक, सटवाजी, हवालातीत हाय. कुत्रं चोरलं म्हनून."

"चोरलं का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"न्हाई जी. वाघ्या पिल्लू व्हता तवा धनगरांनी देला. धनगर गेले पुढं, आता साक्षीला कोन? पाथरीकडचे चंद्रभानराव बाजारात आले अन् म्हनले, ह्यो आमचा शेरू, तीन सालामागं हरवलेला. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी मालकाला आत टाकलं अन् वाघ्या त्येन्ला देला. परवा तहसीलदारांपुढं निकाल हाय."

"वाघ्या म्हटलं की येतो ना तो?"

"अमीनसाहेब म्हनले, चोरानं नवं नाव ठिवलं आसंल. अन् त्येंच्यापाशी शेरूचं चित्तर हाय. डाव्या डोळ्याच्या वर काळा डाग, आमच्या वाघ्यासारखाच." ती जरा थांबली. "चित्तर काढणारा मास्तर बी म्हनला, हात माजाच हाय."

मास्तरांच्या हातातली बशी कलंडली.

"बाई, तो मास्तर मीच."

अमीनसाहेबांनी सही दाखवली होती, ती मास्तरांचीच होती. मूळ फोटो वाळवीने खाल्ला होता. फोटोतल्या कुत्र्याला डाग होता की नव्हता, ते मास्तरांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी आठवलं नसतं. आपल्या चार शब्दांनी एक माणूस गजाआड गेला, हे ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिघं बैलांच्या दमणीत बसून चंद्रभानरावांच्या घराकडे निघाले. दुतर्फा तूर उभी होती आणि वाटेवर धुकं रेंगाळत होतं. मास्तरांचा डोळा लागला. स्वप्नात त्यांची सेहेचाळीस कुत्री दमणीच्या मागे चालत होती, सगळी पेन्सिलीच्या रंगाची, पायांचा आवाज न करता. त्यांतला शेरू कोणता ते काही त्यांना ओळखता येईना.

चंद्रभानराव तिशीचे, बंद गळ्याचा कोट घातलेले, मोजकं बोलणारे होते. मनकर्णेला अंगणात लिंबाखाली बसवून व्यंकटरावांनी त्यांना विचारलं, "शेरूला तुम्ही चांगलं ओळखत असाल?"

"चित्र रोज बघतो ना. मी सात वर्षं हैदराबादला होतो. वडील गेले आणि मी येईपर्यंत शेरूही निघून गेला. तेव्हापासून प्रत्येक बाजारात पांढरं कुत्रं आणि काळा डाग शोधत फिरलो."

"इतकी हौस?"

"हौस नाही. वडिलांमागे आई फारशी बोलत नाही. झोपेत मात्र शेरूचं नाव घेते."

"घरात लेकरंबाळं?"

"माझं लग्न व्हायचंय. मी, आई आणि मी आल्यावर ठेवलेली गडीमाणसं."

चित्र देवघरात होतं, काच नसलेल्या चौकटीत. मानेपर्यंतचं कुत्रं, आणि डोळ्यांत असा भाव की आता शेपूट हलवेल. मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं आणि लगेच लाजही वाटली. व्यंकटरावांनी भिंग काढलं, डागावर बराच वेळ धरलं, मग चित्र उलटं केलं. मागे बोराएवढा पिवळट डाग होता. समईचं तेल उडालं असेल, असं मास्तरांना वाटलं.

"मास्तर, पेन्सिल कागदाच्या पलीकडे उतरते का हो?"

"छे. काहीतरीच काय."

"आणि काळा भाग तुम्ही कसा भरता? सपाट?"

"सपाट? एकेक केस काढतो मी," मास्तर दुखावून म्हणाले.

मागच्या पडवीत चंद्रभानरावांच्या आई, कस्तुराबाई, बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाघ्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मास्तर खांबाआड उभे राहिले. म्हातारीचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून शेपटीवर जाई, तिथे क्षणभर थबके आणि पुन्हा डोक्यावर येई. "बाळा, बाळा," एवढंच त्या म्हणत होत्या. त्यांच्या अनामिकेचं टोक काळं होतं. चुलीपाशी बसल्या असतील, मास्तरांना वाटलं.

"शेरू परत आला, बरं वाटलं असेल," व्यंकटराव म्हणाले.

"लेकानं आणून देला," त्या म्हणाल्या. "माज्यासाठी आणला."

"चित्रही फार सुंदर आहे. लोक वाखाणत असतील."

"जो येतो तो म्हणतो, आता भुंकंल." कस्तुराबाईंचा चेहरा उतरला.

व्यंकटरावांनी सगळ्यांना तिथेच पडवीत बोलावलं. मनकर्णा येताच वाघ्या साखळीला हिसके देऊ लागला. व्यंकटरावांनी भाकरीचा मऊ गर मागवला आणि तो मास्तरांच्या हातात दिला.

"मास्तर, तुम्ही याने खोडता ना? तो डाग जरा टिपा."

मास्तरांनी डागावर गर दाबून उचलला, तो काळाकुट्ट झाला. डाग पुरता गेला नाही, पण फिकट झाला आणि खालून कपाळाचे बारीक केस दिसू लागले. एकेक केस वेगळा, जसा ते नेहमी काढत तसाच.

"हा डाग मास्तरांचा नाही," व्यंकटराव म्हणाले. "भिंगाखाली त्यात एक केस दिसत नव्हता. मागे तेल उतरलंय, पेन्सिलीत तेल कुठलं? काळं आणि तेलकट म्हणजे काजळ. आता घरात लहान मूल नाही आणि विधवा बाई काजळ घालत नाही. तरी आईसाहेबांचं बोट काळं आहे. आईसाहेब, ही तीट आहे ना?"

कस्तुराबाईंनी मान हलवली.

"मानसं वाखाणत गेली अन् शेरू निघून गेला. दृष्टच लागली. म्हटलं, कुठं आसंल तिथं त्याला पुन्हा कुणाची लागू नये. रोज सकाळी चाचपून लावायले."

"डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तिटेचा डाग झाला," व्यंकटराव म्हणाले. "आणि चंद्रभानराव, तुम्ही शेरू कधी पाहिलाच नव्हता. तीन वर्षं काळा डाग शोधलात, तसं एक कुत्रं सापडायचंच."

चंद्रभानराव आईकडे वळले. "आई, म्हणजे हा शेरू नाही?"

"ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले. "मी शेरूबद्दल विचारलं, त्या लेकाबद्दल बोलल्या. त्याला शेरू म्हणून हाकही मारत नाहीत. आणि शेपटीशी हात अडतो. चित्र मानेपर्यंतच आहे, शेपूट फक्त त्यांच्या हाताला ठाऊक."

"शेरूच्या शेपटीला गाठ व्हती, जन्माची," कस्तुराबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सात सालं तू परगावी राहिलास, अन् आल्यावर तीन सालं पाव्हण्यासारखा ऱ्हायलास. मला वाटलं, इकत आणला. पहिल्यांदा माज्यासाठी काही घेऊन आलास. न्हाई कसं म्हणू?"

मग व्यंकटरावांनी कस्तुराबाईंना सटवाजीचं सांगितलं. म्हातारी दचकली. हवालातीत माणूस आहे हे तिच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं. तिने चाचपडत साखळी सोडली आणि मनकर्णेच्या हातात दिली.

"ने माय. तुजा हाय ह्यो. मला माफ कर."

मनकर्णा वाकून त्यांच्या पाया पडली आणि डोळे पुसत वाघ्याला घेऊन बाहेर गेली. चंद्रभानरावांनी तिथेच दावा सोडल्याची चिठ्ठी लिहिली, घोडेस्वाराला अमीनसाहेबांकडे पिटाळलं. मास्तरांनीही त्याच कागदावर आपली चूक लिहून सही केली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं. कस्तुराबाई रिकामी मांडी घेऊन बसल्या होत्या. चंद्रभानराव काही वेळ उभेच राहिले. मग कोटाची गुंडी सोडून ते आईशेजारी जमिनीवर बसले.

"आई," ते म्हणाले, "शेरू कसा होता?"

तिने चाचपून त्यांचा हात हातात घेतला.

"लय खादाड व्हता मेला," ती म्हणाली आणि हसू लागली.