पहिल्या वाक्याआधीचे वीस सेकंद

"नमस्कार," ती माइकसमोर म्हणाली. सभागृहातल्या साडेतीनशे रिकाम्या खुर्च्या गप्प राहिल्या, म्हणून तिला जरा धीर आला. "आज या ठिकाणी मला दोन शब्द बोलण्याची जी संधी..."

"गेले," पडद्यामागून आवाज आला.

ती अशी दचकली की कागद हातातून सुटले. "कोण... कोण गेले?"

"पालक. अर्धे उठले, उरलेल्यांनी मोबाइल काढले." खांद्यावर वायरचं वेटोळं टाकलेला एक तरुण बाहेर आला. केसांत जळमट, आणि चेहऱ्यावर असं हसू की धड रागही येईना. "मी माइकवाला. शनिवारी तुमचंच भाषण ना?"

तिचंच होतं. ती शाळेच्या तलावावर पोहायला शिकवायची. मुली तिला मासोळीताई म्हणायच्या. बारा फूट पाण्यात ती हसत उडी टाकायची, पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की हातपाय गार. गेल्या वर्षी तिच्या आधीच्या सरांनी पालकसभेत नियम वाचायला घेतले आणि दुसऱ्याच मिनिटाला लोक चहाला उठले. शिकाऊ मुलींच्या वर्गाला नावं आली सहा. "या वर्षी वीस झाली नाहीत तर वर्ग बंद," मोठ्या बाईंनी तिला खुर्चीत बसायलाही न सांगता सुनावलं होतं. म्हणजे परवाच तरंगायला शिकलेली, आनंदाने तोंडभर पाणी प्यालेली ती दुसरीतली चिमुरडी पुन्हा काठावर बसणार.

"सुरुवातच जमत नाही," ती पुटपुटली. अनोळखी माणसाला आपण हे का सांगतोय, तिलाच कळेना.

"मी रोज भाषणं ऐकतो," तो कागद गोळा करत म्हणाला. "खरं तर पहिलंच वाक्य ऐकतो, आवाज जुळवण्यापुरतं. पुढचं कोण ऐकतं? पण पहिल्या वाक्याला लोक बसणार की उठणार, ते मी बरोबर सांगतो. उद्या दुपारी या. मी साडेतीनशे पालक होतो."

ती गेली. परवाही गेली, तेरवाही.

"तुमच्यापैकी किती जणांना पोहता येतं?" तिने सुरुवात केली.

"मला नाही. चारचौघांत विचारलंत, आता मी रुसलो. पुढे?"

मग तिने विनोद सांगितला. तो भिंतीसारखा बसून राहिला.

"हस की जरा," ती वैतागली.

"माझं काम माइकचं. हसायला वेगळा माणूस बोलवावा लागेल."

आणि मग मात्र तो हसला... ती एवढी चिडली होती म्हणून. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. वायर देताघेता बोटाला बोट लागलं की दोघंही उगाचच छताकडे बघायचे.

"एकच सांगतो," शुक्रवारी तो गंभीरपणे म्हणाला. "काहीही कर, पण गप्प राहू नकोस. माइकवर शांतता झाली की मला वाटतं वायर निघाली. हात आपोआप आवाज वाढवायच्या कळीवर जातो आणि स्पीकर किंचाळतो. एका निरोप समारंभात बिचारे वक्ते हुंदका गिळायला थांबले होते... सगळ्यांनी कान झाकले."

ती खळखळून हसली. त्या रात्री झोप मात्र आली नाही.

शनिवारी सकाळचा नाश्ता तसाच राहिला. सभागृहात एकही खुर्ची रिकामी नव्हती. तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि... काहीच नाही. पाठ केलेलं वाक्य पार पुसलं गेलं होतं. छातीत धडधड. पहिल्या रांगेत एका काकांनी घड्याळ पाहिलं. एक... दोन... पाण्याखाली जीव घाबरला की ती आकडे मोजायची, तसे ते आपोआप सुरू झाले. सहा... सात...

"माइक बंद आहे का हो?" कुणीतरी ओरडलं. माना मागे वळल्या. मोठ्या बाई माइकवाल्याला हातवारे करू लागल्या, वाढवा, वाढवा. त्याचा हात कळीकडे गेला. संपलं, तिला वाटलं. आता स्पीकर किंचाळणार, लोक हसणार...

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात उचलले आणि सरळ काखेत घालून बसला. "चालू आहे," तो शांतपणे म्हणाला.

तेरा... चौदा... तिची नजर आईशेजारी बसलेल्या चिमुरडीवर गेली. मागच्या महिन्यात ही पोर कमरेएवढ्या पाण्यात बुडायला लागली होती. आई तीन पावलांवर मैत्रिणीशी बोलत उभी. ना हाक, ना धडपड. मासोळीताईने ओढून काढलं तेव्हा कुठे आईला कळलं.

आता ती मुद्दाम गप्प राहिली. अठरा... एकोणीस...

"हे वीस सेकंद होते," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. "एवढ्या वेळात एखादं मूल बुडू शकतं. आणि बुडताना ते एवढाच आवाज करतं."

काकांनी घड्याळ बाहीत लपवलं. पुढची दहा मिनिटं कुणी हललं नाही.

नावांच्या कागदावर एकतीस नावं झाली. सगळ्यात आधी चिमुरडीच्या आईने सही केली... आणि लगेच विचारलं, मोठ्यांचा वर्ग नाही का?

गर्दी ओसरल्यावर ती त्याच्या टेबलाशी आली. तो मान खाली घालून वायर गुंडाळत होता.

"तुला कसं कळलं, मी मुद्दाम गप्प आहे?"

"नाही कळलं. मला वाटलं, विसरलीस."

"विसरलेच होते. चौदा सेकंदांपर्यंत." ती टेबलाला टेकली. "मग कळ का नाही फिरवलीस? बाईंनी तुला कायमचं काढून टाकलं असतं."

"टाकलं असतं. पण... तुझ्यावर कुणी हसलं असतं ना, ते मला सोसवलं नसतं."

छातीत पुन्हा तीच धडधड, आणि या वेळी समोर एकच माणूस. साडेतीनशे बरे, तिला वाटलं. तरी ती बोलली.

"मला तू आवडतोस. एवढंच होतं भाषण. काही प्रश्न असतील तर विचारा."

त्याच्या हातातलं वेटोळं सुटून पार खुर्च्यांपर्यंत घरंगळत गेलं. त्याचे कान लालबुंद झाले.

"एकच," तो कसाबसा म्हणाला. "पुन्हा एकदा ऐकवता का? पहिल्या वाक्याला मी नुसता आवाज जुळवत असतो."